एकोणचाळिसावा कागद

१

फाइल उघडली तेव्हा तिच्यात अडतीसच कागद होते. शुभा मोरीने ते पुन्हा मोजले. मग खुर्ची ओढून बसली आणि तिसऱ्यांदा मोजले, कारण समोर साचिको कानेमोतो उभी होती आणि तिला काय सांगावं हे सुचत नव्हतं.

"शेवटचा कागद," साचिको म्हणाली. "शनिवारी तुम्ही म्हणालात, सोमवारी या, झेरॉक्स काढून देते."

"म्हटलं होतं."

"मग?"

"तो यात नाही."

साचिको तिशीची होती. पहाटेपासून बेंतोच्या दुकानात भाताचे डबे भरून ती तशीच आली होती, एप्रनवर कोट चढवून. तिने फाइलकडे पाहिलं, भिंतीशी असलेल्या लोखंडी कपाटाकडे पाहिलं. कपाटाचं कुलूप शाबूत होतं.

"शाळेत मला खुन्याची मुलगी म्हणायचे," ती शांतपणे म्हणाली. "बाबांनी काय केलं ते ज्या कागदावर लिहिलंय, तो एकदा घरी नेऊन वाचायचा होता. चांगलं असो, वाईट असो. तेवढंही नको होतं कुणाला तरी."

ती गेली. शुभाने रागाने कपाटाचं दार लोटलं.

नागोयातली ही जुनी बर्फाची रिंक महिनाभरात पाडली जाणार होती. नागानोचं हिवाळी ऑलिंपिक तीन महिन्यांवर आलं होतं आणि एकाएकी सगळ्यांना आइस हॉकीच्या प्रेमाचं भरतं आलं होतं. रिंकची मालक कुरेबायाशी कंपनी. तिच्या थोरल्या मालकांनी १९७१मध्ये चुबू लीग काढली होती: चार शहरं, चार संघ, पगारी खेळाडू. दोन हिवाळे चालली आणि १९७३च्या फेब्रुवारीत एका सामन्यानंतर बंद पडली. त्या लीगचा इतिहास लिहायचं काम कंपनीने शुभाला दिलं होतं. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मोरी नावाच्या इंजिनियरशी लग्न करून ती पुण्याहून इथे आली होती आणि वीसेक वर्षं भाषांतरं करत होती. पुस्तक इंग्रजी आणि जपानी, दोन्हींत हवं होतं. ती दोन्ही लिहायची.

शेवटच्या सामन्याचं प्रकरण लिहून तयार होतं. त्यात एक ओळ होती: 'नागोयाचा गोलरक्षक कानेमोतो याने काठीने केलेल्या प्रहारात हामामात्सुचा एकोणीस वर्षांचा खेळाडू मियाता मरण पावला आणि लीगचा अंत झाला.'

ती ओळ शुभाने स्वतःच्या हाताने लिहिली होती, लीगच्या चौकशी अहवालावरून. साचिकोला तिने ते अजून सांगितलं नव्हतं.

२

शनिवारी दुपारी रिंकच्या ऑफिसात जुन्या माणसांची बैठक झाली होती. बोलावली होती शुभानेच. आठवणी टिपून घ्यायच्या, फोटो गोळा करायचे. आली तिघंच. साचिको; नागोया संघाचा तेव्हाचा कप्तान ओगाता, जो आता या रिंकचा व्यवस्थापक होता; आणि कावासाकीहून नरेंद्र कारखानीस.

नरेंद्र १९७२मध्ये शिकाऊ इंजिनियर म्हणून पुण्याहून आला होता, कुरेबायाशींच्या शीतयंत्रांच्या कारखान्यात, आणि अजूनही त्याच कंपनीत होता. इंग्रजी येतं म्हणून त्याला सामन्यांच्या वेळी कॅनडियन प्रशिक्षकाशेजारी टेबलावर बसवायचे. घड्याळ सांभाळायचं आणि नोंदी करायच्या. ते एकोणचाळीस कागद, सामन्यामागे एक, त्याच्याच हातचे. तेव्हापासून तो शुभाला ताई म्हणे, आणि पंचवीस वर्षांत त्याची भाऊबीज एकदाही चुकली नव्हती. शनिवारी येताना त्याने तिच्यासाठी पुण्याहून आलेलं नव्या वर्षाचं मराठी कॅलेंडर आणलं होतं, पुठ्ठ्याच्या लांब नळीत गुंडाळून. निघताना कॅलेंडर हातात दिलं आणि म्हणाला, "नळी नेतो हं ताई, कामाला येते."

शेवटचा कागद सगळ्यांच्या हातून फिरला होता. अर्ध्या वर्तमानपत्राएवढा, पिवळा पडलेला. इतका कडक की कोपऱ्याला बोट लागलं तरी चुरा पडे. मग शुभाने चहा आणला आणि ओगाताने फाइल कपाटात ठेवली.

आता ती ओगातासमोर बसली होती. साठीकडे झुकलेला, रुंद खांद्यांचा माणूस. किल्ल्यांचा जुडगा त्याच्या कमरेला लटकत होता.

"ओगाता-सान, रविवारी इथे कोण आलं होतं?"

"कुणी नाही. रिंक बंद होती."

"किल्ली?"

"माझ्याकडे. म्हणजे मीच चोर, असं म्हणायचंय का?"

"मी विचारतेय."

"मोरी-सान, ही किल्ली माझ्याकडे पंधरा वर्षं आहे. कपाटात काय आहे हे या वर्षापर्यंत कुणी विचारलंही नव्हतं. मला तो कागद नको असता तर मी तो केव्हाच बॉयलरमध्ये टाकला असता. फाइल तुम्हाला काढून कुणी दिली? मीच ना."

हे खरं होतं. शुभाने वही मिटली नाही.

"त्या दिवशी तुम्ही बर्फावर होतात. काय झालं?"

ओगाताचा चेहरा बंद झाला, दुकानाचं शटर ओढावं तसा. "अहवालात सगळं आहे."

"अहवाल मी वाचलाय. तुम्ही काय पाहिलंत?"

"अहवालात आहे ते."

"प्रेक्षकांतल्या कुणी काहीच कसं पाहिलं नाही?"

"प्रेक्षक नव्हतेच जवळजवळ. लीग डबघाईला आली होती. साठ-सत्तर माणसं यायची." तो उठला. "पुस्तक छापा आणि मोकळ्या व्हा. इमारतच राहणार नाहीये."

शुभा उठली नाही. "तुमच्या संघाचा गोलरक्षक होता तो."

ओगाता दाराशी थांबला, पण वळला नाही. "म्हणूनच विचारू नका," म्हणाला आणि निघून गेला.

३

घरी येऊन तिने नरेंद्रला फोन लावला.

"नरेंद्र, शेवटचा कागद चोरीला गेलाय."

"अरे बापरे. फोटो वगैरे काढला होतात का ताई?"

"नाही ना. बुधवारी फोटोवाला येणार होता, पुस्तकात अख्खं पान तोच छापायचा होता. आता तूच आठव. प्रकरणाला तुझ्या तोंडची चार वाक्यं तरी जोडते."

"मला काय आठवणार? मी टेबलापाशी होतो, तिथून गोल लांब. पन्नास सेकंद राहिले होते, लोक उठून गेले होते. गलका झाला, बघतो तर मियाता पडलेला आणि कानेमोतो त्याच्यावर वाकलेला, हातात काठी. बाकी चौकशीत सगळं आलंय की."

"साचिकोला फार लागलंय रे."

"पोरगी बिचारी. पण ताई, आता उकरून काय उपयोग? त्या ओळी आहेत तशा राहू द्या. तिचं नाव कुठे येऊ देऊ नका म्हणजे झालं."

फोन ठेवून शुभाने त्याची वाक्यं मराठीत टिपली आणि जपानीत उतरवायला घेतली. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्यापाशी तिचं पेन अडलं.

पन्नास सेकंद राहिले होते.

तिने चौकशी अहवाल काढला. त्यात नोंदीच्या दोनच ओळी उतरवल्या होत्या. तिसरा डाव, ०.५०: मियाता जखमी. तिसरा डाव, १.२०: कानेमोतो बाहेर. खाली चौकशी समितीने म्हटलं होतं: डाव सुरू होऊन पन्नास सेकंद झाले असताना, प्रेक्षक अजून बाहेर नूडल्स खात असताना, कानेमोतोने मियातावर काठी चालवली, तीस सेकंदांनी त्याला मैदानाबाहेर काढण्यात आलं.

पन्नास सेकंद झाले होते, असं अहवाल म्हणत होता. आणि ज्याने ती वेळ लिहिली, तो मराठीत बेसावधपणे 'राहिले' म्हणून गेला होता.

शुभाने कोट चढवला. रिंकचं ऑफिस बंद व्हायला अजून दीड तास होता.

४

चोराने एक कागद नेला होता. अडतीस मागे ठेवले होते.

तिने पहिला काढला. तिसऱ्या, म्हणजे शेवटच्या डावातले गोल: १७.४२, ११.०५, ४.३०. दुसरा: १९.१०, ८.५१. तिसरा. चौथा. प्रत्येक कागदावर आकडे वरून खाली उतरत होते. वीस मिनिटांचा डाव विसापासून शून्याकडे जात होता. कॅनडियन प्रशिक्षकाने आणलेलं घड्याळ उलटं चालायचं, आणि टेबलावरचा पोरगा घड्याळात दिसेल तो आकडा लिहायचा. म्हणजे उरलेली वेळ. दोन हिवाळे, सगळे सामने, एकच पद्धत.

शुभाने त्या दोन ओळी पुन्हा समोर ठेवल्या आणि उलट्या क्रमाने वाचल्या.

सामना संपायला एक मिनिट वीस सेकंद असताना कानेमोतो बाहेर गेला. कशाला, हे वर्षभर हॉकी वाचून तिलाही कळत होतं. नागोया एका गोलने मागे होता. अशा वेळी गोलरक्षकाला बाकावर बसवतात आणि त्याच्या जागी हल्ल्याला एक माणूस वाढवतात. गोल रिकामा राहतो. आणि तीस सेकंदांनंतर, पन्नास सेकंद उरले असताना, मियाता जखमी झाला.

तेव्हा कानेमोतो बर्फावर नव्हताच.

तिने वही जोरात मिटली. मियाता सोडून बर्फावर दोन्ही संघांचे मिळून अकरा खेळाडू होते. बाकांवर आणखी वीसेक. पंच होते, प्रशिक्षक होते. इतक्या माणसांना हे ठाऊक होतं आणि इतकी माणसं चोवीस वर्षं गप्प होती. आणि त्यांच्या गप्प बसण्यावर विश्वास ठेवून तिने सुबक जपानीत एक ओळ लिहिली होती.

मग तिने चोरीचा विचार केला. ओगाताने कागद नेला नव्हता. त्याला चोरी करायची गरजच नव्हती. साचिको? तिच्याकडे शनिवारी तळहाताएवढी पर्स होती. तो कागद पर्समध्ये घालायचा तर चार घड्या घालाव्या लागल्या असत्या, आणि एका घडीतच त्याचे तुकडे झाले असते. शुभाने फाइल झटकली, टेबलाच्या काचेवरून, कपाटाच्या तळावरून पांढरा रुमाल फिरवला. पिवळा चुरा कुठेच नव्हता. कागद घडी न घालता गेला होता. हलक्या हाताने गुंडाळून.

शनिवारी ती चहा आणायला गेली होती. साचिको आणि ओगाता भिंतीवरचे फोटो बघत होते. नरेंद्र एकटा टेबलापाशी होता, आणि त्याच्या हाताशी ती पुठ्ठ्याची नळी होती. पुस्तकात हा कागद छापणार, हे तिनेच बैठकीत हौसेने सांगितलं होतं.

'नळी नेतो हं ताई.'

तिला राग आला होता तो सोमवार सकाळपासूनच. पण आता तो वेगळाच होता. त्याच्या तोंडात करंजी घातलेली आठवत होती, अजून पंधरा दिवसही झाले नव्हते.

५

बुधवारी ती शिनकान्सेन या वेगवान गाडीने योकोहामाला आणि तिथून लोकलने कावासाकीला गेली. नरेंद्रच्या बायकोने, कल्पनाने दार उघडलं.

"ताई, कळवलं नाहीत. आज यांची सुट्टी आहे ते बरं झालं. जेवूनच जायचं."

"आधी त्याच्याशी बोलते."

नरेंद्र सोफ्यावरून उठला. शुभा बसली नाही. तिने अहवालातल्या दोन ओळी आणि फाइलमधल्या पाच कागदांच्या झेरॉक्स टेबलावर मांडल्या.

"घड्याळ उलटं चालायचं. हे तू चौकशी समितीला सांगितलं नाहीस."

"ताई, बसा तरी."

"सांगितलंस का नाही?"

कल्पना स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. नरेंद्रने तिच्याकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

"मी चोवीस वर्षांचा होतो," तो म्हणाला. "थोरल्या कुरेबायाशींनी बोलावून घेतलं. माझा व्हिसा त्यांच्या सहीवर होता. म्हणाले, नोंदीत खाडाखोड करायची नाही. एक अक्षर बदलायचं नाही. फक्त विचारलं तर म्हणायचं, घड्याळ शून्यापासून वर जातं. बस. एकच वाक्य."

"का?"

"गोलमुळे. बर्फात भोकं पाडून लोखंडी खुंट्यांनी गोलची चौकट ठोकली होती, हलू नये म्हणून. मियाता चकती घेऊन रिकाम्या गोलवर सुटला, पाय घसरला आणि डोकं खांबावर. हेल्मेट तेव्हा कुणी घालत नव्हतं. गोल जरा जरी सरकला असता तर पोरगा वाचला असता. कानेमोतो बाकावरून उडी मारून सगळ्यांच्या आधी पोचला. त्याचा वाकलेला फोटो पेपरात आला आणि..."

"आणि सोय झाली."

"तो कोरियन होता ताई. कानेमोतो हे नुसतं जपानी लोकांत वापरायचं नाव. त्याच्या बाजूने कोण उभं राहणार होतं? पोलिसांनीही अपघात म्हणून सोडून दिलं. तुरुंगात वगैरे काही गेला नाही तो."

"नाही गेला. कुठल्या संघाने घेतला नाही. बोलिंगच्या हॉलमध्ये लाद्या पुसत होता, आठ वर्षांपूर्वी वारला. त्याची पोरगी शाळेत काय ऐकत होती, सांगू?"

"मला ठाऊक आहे."

"ठाऊक आहे," शुभा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "शनिवारी तिच्याशेजारी बसून चहा प्यायलास. तिला साखर पुढे केलीस. आणि तिच्या बापाचा कागद गुंडाळून नेलास. चोवीस वर्षांचा असताना घाबरलास, ते मी समजून घेईन कदाचित. परवा किती वर्षांचा होतास?"

नरेंद्र टेबलावरच्या झेरॉक्स गोळा करायला लागला.

"कुठाय कागद?"

"फाडून टाकला."

"खोटं," कल्पना दारातून म्हणाली.

दोघांनी तिच्याकडे पाहिलं. तिने हात पदराला पुसले, आत गेली. ओशिइरेचं, म्हणजे गाद्या ठेवायच्या कपाटाचं, सरकतं दार वाजलं. परत आली तेव्हा तिच्या हातात पुठ्ठ्याची नळी होती.

"शनिवारपासून रोज उघडून बघतायत. विचारलं तर म्हणाले, ऑफिसचं ड्रॉइंग आहे. काल जुन्या कागदांचा कचरा न्यायचा दिवस होता. गठ्ठ्यावर ठेवून आले, आणि पाच मिनिटांत जाऊन परत घेऊन आले." ती नवऱ्याकडे वळली. "माझ्या दोन पोरी या पगारावर वाढल्या. मला आधी सांगायला हवं होतंत."

शुभाने कागद टेबलावर उलगडला. मग, शनिवारी कुणीच केलं नव्हतं ते केलं. तो उलटा केला. मागच्या बाजूला बारीक, घाईच्या अक्षरात पंचाने पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्या होत्या आणि खाली शिक्का मारला होता.

'सामन्याआधी गोलचे खुंटे काढावेत अशी विनंती केली. मालकांनी नकार दिला. अपघाताच्या वेळी गोलरक्षक बाकावर होता.'

"हे तुला ठाऊक होतं?"

"हो."

"तर मग येत्या शनिवारी तू नागोयाला येतोस," शुभा म्हणाली. "आणि हे तू तिला वाचून दाखवतोस. मी नाही. तू."

"आणि नाही आलो तर?"

"ते येतील," कल्पना म्हणाली.

६

शुक्रवारी तिने नवं प्रकरण कुरेबायाशी कंपनीत नेऊन दिलं. धाकट्या मालकांनी ते तिच्यासमोरच वाचलं आणि अतिशय नम्रपणे सांगितलं की पुस्तकातून शेवटचा सामना वगळला तर सगळ्यांच्याच सोयीचं होईल.

"मग पुस्तकच वगळा," शुभा म्हणाली. "प्रकरण मी स्वतः छापीन आणि रिंकच्या दारात उभी राहून वाटीन. ऑलिंपिकसाठी परदेशी पत्रकार आलेत, म्हणून इंग्रजीतही लिहिलंय." तिने मान लववली, तीही अतिशय नम्रपणे, आणि निघाली.

शनिवारी दुपारी रिंकवर बर्फ नव्हता. यंत्रं गुरुवारीच बंद केली होती. ओल्या सिमेंटवर नोंदीचं जुनं टेबल होतं तिथेच होतं. नरेंद्र त्याच्यामागे उभा राहिला. शेजारी कल्पना. समोर साचिको, कामावरून तशीच आलेली. ओगाता किल्ल्या हातात धरून कडेला होता. त्याला कुणी बोलावलं नव्हतं, पण गेलाही नव्हता.

नरेंद्रने जपानीत वाचलं. आधी पुढची बाजू, एकेक वेळ आणि ती उरलेली वेळ आहे हे प्रत्येक वेळी सांगत. मग मागची बाजू. आवाज रिकाम्या इमारतीत फिरत होता. वाचून झाल्यावर त्याने कागद खाली ठेवला आणि गुडघे टेकायला लागला.

"तसं करू नका," साचिको म्हणाली.

तो अर्ध्यावरच थांबला.

"माफी मागायची असेल तर ती तुमच्याकडेच ठेवा. मला तिचं काही करता येणार नाही. बाबा असते तर त्यांनी कदाचित दिली असती, ते तसे होते. मी तशी नाही." ती ओगाताकडे वळली. "तुम्ही बर्फावर होतात."

ओगाताने कमरेतून खोल वाकून नमस्कार केला. तसाच राहिला.

"वाकू नका," ती म्हणाली. "लिहून द्या."

मग ओगाता टेबलापाशी आला. शुभाने कोरा कागद पुढे केला. त्याने उभ्याउभ्याच लिहिलं, सहा ओळी, आणि खिशातला शिक्का काढून उमटवला. त्याच कागदावर खाली नरेंद्रने लिहिलं. पहिल्या वाक्यात तो दोनदा अडला. साचिको त्याच्या हाताकडे बघत होती, पेन टेकवलेलं उचलेपर्यंत.

शुभाने पिशवीतून प्रकरणाची प्रत काढली. "तुमच्याबद्दल अजून एक सांगायचंय," ती साचिकोला म्हणाली. "म्हणजे माझ्याबद्दल. अहवालातलं खोटं मीही लिहिलं होतं. जसंच्या तसं. एका शब्दाची शहानिशा न करता."

"आता?"

"आता खोडलंय. वाचून बघा. चुकलं असेल ते सांगा."

साचिकोने उभ्याने वाचलं. शेवटच्या पानावर ती थांबली आणि तिने हात पुढे केला. शुभाने तिला पेन दिलं. 'कानेमोतो' लिहिलं होतं तिथे तिने सरळ रेघ मारली आणि वर दुसऱ्या लिपीत तीन अक्षरं लिहिली.

शुभा वाकून बघत राहिली. "मला कोरियन वाचता येत नाही, साचिको-सान. मोठ्याने सांगा. इंग्रजीतही घालायचंय."

साचिकोने एकदा ओगाताकडे पाहिलं, एकदा नरेंद्रकडे. मग ती बोलली. ते नाव तिने आजवर घराबाहेर कधी उच्चारलं नसावं, कारण आपलाच आवाज ऐकून ती जरा दचकली.

"किम योंग-सु," ती म्हणाली. मग तिने ते पुन्हा म्हटलं, आधीपेक्षा मोठ्याने.